नवीन काय ऐकू? झाडीपट्टीत या!

दर शुक्रवारी फोनवर पन्नास नवी गाणी येऊन पडतात आणि सोमवारपर्यंत एकही आठवत नाही. नवं गाणं खरंच आटलंय, की आपण भलत्याच ठिकाणी कान लावून बसलोय? चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या एका कडाक्याच्या थंडीतल्या रात्रीचा हा रिपोर्ट...

शुक्रवार सकाळ. हिंजवडीची बस. एका कानात इअरफोन, दुसऱ्या कानात शेजारच्याचा ऑफिस कॉल. फोनवर टिंग वाजतं. 'तुमच्यासाठी नवी गाणी.' पहिलं गाणं, पंधरा सेकंद. स्किप. दुसऱ्याला जरा वेळ दिला, बीट पडेपर्यंत थांबलो. बीट पडला, स्किप. तिसऱ्यात कुठल्या तरी जुन्या गाण्याचा मुखडा उचलून त्याला ढोल चिकटवलेला. वाकड येईपर्यंत मी परत 'नटरंग'वर आलेलो असतो. तो पिक्चर आला २०१० च्या जानेवारीत. म्हणजे सोळा वर्षं मी नव्या गाण्यांना कंटाळून एकाच अल्बमकडे पळतोय!

तुमचंही असंच होतं ना? कॅन्टीनमध्ये हा विषय नुसता काढून बघा. दोन पार्ट्या लगेच पडतात. एक म्हणते, हल्ली गाणी बनतच नाहीत बॉस, सगळं कॉपी-पेस्ट. दुसरी म्हणते, गाणी भरपूर आहेत, तू म्हातारा झालास. दुसऱ्या पार्टीच्या बाजूने आकडेही आहेत. २०१५ मध्ये स्पॉटिफायच्या अमेरिकेतल्या डेटावरून केलेलं एक विश्लेषण खूप गाजलं होतं. साधारण तेहतिशीत माणूस नवं ऐकणं सोडतो, असा त्याचा निष्कर्ष. माझं वय चौतीस. घ्या!

पण पहिल्या पार्टीचंही अगदीच चुकत नाही. ल्युमिनेट नावाची कंपनी जगभरातल्या गाण्यांचा हिशेब ठेवते. तिच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये रोज सरासरी एक लाखावर नवी गाणी ऑनलाइन येत होती. रोज! आणि अमेरिकेत ऐकल्या जाणाऱ्या संगीतातला सत्तर टक्क्यांहून जास्त वाटा दीड वर्षापेक्षा जुन्या गाण्यांचा होता. म्हणजे दुकानात माल उतू चाललाय आणि गिऱ्हाईक मात्र घरच्याच डब्यातलं खातंय.

हे सगळं ज्ञान डोक्यात घेऊन मी दिवाळीला घरी गेलो. घर म्हणजे ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर. 'ताडोबाच्या जवळ का?' असं पुण्यात सगळे विचारतात, मी 'हो' म्हणून विषय संपवतो. खरं तर आमच्या गावाची ओळख वेगळी आहे. वैनगंगेचा पूल ओलांडला की पलीकडे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. सरकारी कागदावर देसाईगंज. आणि वडसा म्हणजे नाटक.

धान कापलं की पडदा वर

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतल्या जंगलपट्ट्याला म्हणतात झाडीपट्टी. इथं भाऊबीज झाली, धान घरात आलं, की गावोगावी मंडई भरते, कुठं शंकरपट होतो आणि रात्री नाटक. ते थेट होळीपर्यंत. वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, बाहेर मोठाले रंगीत बोर्ड. गावची मंडळं येतात, तारीख बुक करतात, अॅडव्हान्स देतात. तिकिटातून उरलेला पैसा गावाच्या कामाला. नाटक रात्री दहाच्या सुमाराला सुरू होतं आणि पहाटे चार-पाचला संपतं. मल्टिप्लेक्समध्ये तीन तासांचा पिक्चर लागला की आपण कुरकुरतो, इथं आज्जीबाई शाल गुंडाळून सहा तास बसतात.

गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे याच रंगभूमीवर आयुष्यभर उभे राहिले आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या पेपरांत दोन दिवस झाडीपट्टी झळकली. त्याच्या आदल्या वर्षी तृषांत इंगळेचा 'झॉलीवूड' हा पिक्चरही याच नाटकांवर आला होता. पण एक गोष्ट बातम्यांत सहसा येत नाही. ही नाटकं गाण्यांवर चालतात. एका नाटकात दहा-बारा गाणी सहज. त्यात लावणी असतेच असते, शिवाय प्रेमाचं, रडण्याचं, कॉमेडीवाल्याचं एकेक. कंपन्या दर सिझनला नवी नाटकं काढतात, म्हणजे नव्या गाण्यांचा ढीग. हिशेब करून बघा, दर दिवाळीला या कोपऱ्यात किती नवी गाणी रिलीज होत असतील! आणि त्यातलं एकही तुमच्या शुक्रवारच्या लिस्टीत येत नाही.

हा हिशेब मला सुचला नव्हता. तो मामाजींनी मांडला. माझे मामा एका कंपनीत बावीस सिझन ऑर्गनवर होते. पायाने भाता मारायचा तो जुना ऑर्गन. पोहे खाताना मी सहज बोललो की हल्ली ऐकायला काही नसतं, तर म्हणाले, "काहून गा? पुन्यात गाने नाई भेटत का?"

"भेटतात मामाजी, पण ऐकवत नाहीत."

"मंग चाल आज राती. पन आधीच सांगून ठेवतो, आता नाटकात बी काई रायलं नाई. निस्ता धिंगाना."

म्हणजे बघा, पुण्यातला भाचा आणि ब्रह्मपुरीचा मामा, दोघांची तक्रार एकच!

अकरा गाणी, दोन स्वेटर

गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते सगळं कौतुकाचं नाही. शेतात मंडप. चारी बाजूंनी कनात, आत ताडपत्री. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी. बाहेर भजे, चहा, फुगे. मी दोन स्वेटर घातले होते तरी दात वाजत होते. वादक स्टेजच्या पुढ्यात बसलेले. तबला, ऑक्टोपॅड आणि जिथं मामांचा ऑर्गन असायचा तिथं कीबोर्ड. त्यावर आरमोरीकडचा एक पोरगा, वय फार तर चोवीस, कानात बाळी.

मामा त्याच्याकडे बघायचंही टाळत होते. मागच्या तीन वर्षांपासून मामांची दोन बोटं नीट वळत नाहीत. कंपनीनं त्यांना अजून एक सिझन थांबा वगैरे म्हटलं नाही. कीबोर्ड आला. कीबोर्डमध्ये सनई आहे, बासरी आहे, ढगांचा गडगडाट आहे, आणि त्याला भाता मारावा लागत नाही.

पहिला अंक. खरं सांगू? जाम निराशा. एन्ट्रीचं गाणं एका गाजलेल्या हिंदी गाण्याच्या चालीवर, शब्द तेवढे बदललेले. दुसरं 'सैराट'च्या वळणाचं. लावणी ठीक, पण ती ऐकायला कुणी बसलंच नव्हतं, शिट्ट्यांत गाणं बुडालं. साऊंडवाल्यानं बास इतका वाढवलेला की शब्द कळेनात. मामा माझ्या कानाशी, "पाय, म्या म्हनलो होतो ना?" साडेबारा वाजता मी उठून चहाला गेलो आणि फोनवर चक्क परत 'नटरंग' लावलं. सवय!

चहाच्या टपरीवर विचार करत होतो की उसन्या चालींवर मला इतका राग का यावा. 'जत्रा'तलं 'कोंबडी पळाली' आलं २००६ मध्ये. तीच चाल २०१२ मध्ये हिंदी 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' झाली. 'सैराट'चं 'झिंगाट' २०१८ मध्ये 'धडक'मध्ये गेलं. दोन्हीकडे संगीत अजय-अतुल यांचंच, म्हणजे घरचीच मिळकत. पण मुद्दा असा की चाल प्रवास करते. मुंबईनं उचलली तर रिक्रिएशन, वडशानं उचलली तर चोरी? आपल्याकडच्या रिमिक्सच्या काळात, 'काँटा लगा' २००२ मध्ये टीव्हीवर सारखं वाजायचं तेव्हा, मी कॉलेजातसुद्धा पोचलो नव्हतो आणि मला ते नवं कोरं गाणं वाटलं होतं. मूळ गाणं १९७२ च्या 'समाधी'तलं आहे हे फार उशिरा कळलं.

बाकी जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एक करावं. त्या काळातली शंभर गाणी आठवायचा प्रयत्न करावा. वीस आठवतील. उरलेली ऐंशी वाईट होती म्हणूनच विसरली गेली! आज मात्र शंभरच्या शंभर तुमच्या कानावर आदळतायत.

दोन वाजता

दुसऱ्या अंकात, रात्री दोनच्या आसपास, ते गाणं आलं.

सीन साधा. मुलगा तेलंगणात मिरची तोडायला गेलाय. हे आमच्याकडं घरोघरचं आहे. धानाचं काम संपलं की गडचिरोली-चंद्रपूरकडची माणसं टेम्पो भरभरून मिरची तोडणीला तिकडे जातात. स्टेजवर आई एकटी. फोन लावते, लागत नाही. आणि कीबोर्डवरचा तो पोरगा फोन न लागल्यावर वाजते ना, ती टूंsटूंsटूं वाजवतो. पब्लिक हसलं. मीही हसलो. मग त्यानं तेच तीन टोले थोडे सैल केले, खाली आणले, आणि त्यातूनच चाल उघडली. बाई गाऊ लागली. ऑक्टोपॅडवाला हात मांडीवर ठेवून बसलेला. नुसता तबला, तोही अगदी हळू. ती मुलाला विचारत होती की हाताची आग होते का, पाणी कुठलं पितोस, मुकादम बरा आहे का. असले साधे प्रश्न. दर कडव्यानंतर परत ते तीन टोले.

बायकांच्या बाजूला कुणी हुंदका दिला नाही की काही नाही. फक्त भज्यांच्या गाड्यावरचा माणूस कनात उचलून आत बघत उभा राहिला. कढईत भजे जळाल्याचा वास आला, तेव्हा भानावर आला बिचारा.

ही चाल कुठल्या पिक्चरची, मी मनात शोधत होतो. फोन काढून गाणं ओळखणारं अॅपही लावलं. अॅप म्हणालं, सापडलं नाही. मामांना विचारलं, "कुणाची चाल?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या पोट्ट्याचीच हाय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माही असती तं मले माईत असती ना गा."

अकरा गाण्यांत एक. तुम्ही म्हणाल, ही काय टक्केवारी झाली? मी म्हणतो, शुक्रवारच्या पन्नासात शून्य, त्यापेक्षा बरी! आणि त्या एका गाण्यासाठी उरलेली दहा झेलावी लागतात, इलाज नाही. स्किपचं बटण तिथं नसतं. असतं तर मी ते साडेबारालाच दाबलं असतं आणि घरी जाऊन झोपलो असतो.

इथले इतर रिलीज

दुसऱ्या दिवशी डोळे चोळत बसलो असताना लक्षात आलं की या दोन जिल्ह्यांत नव्या गाण्याची तारीख ठरलेली असते, फक्त ती शुक्रवार नसते. १६ ऑक्टोबर घ्या. १९५६ मध्ये नागपूरनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. दर वर्षी तिथल्या दीक्षाभूमीवर गर्दी होते, पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि भीमगीतं वाजत असतात. माझ्या लहानपणी तिथून कॅसेट यायच्या, मग सीडी, मग मोबाइलवाल्याकडे मेमरी कार्ड भरून घ्यायचं. आता १४ एप्रिलच्या आधीच नवी गाणी यूट्यूबवर येऊन बसतात. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, तरी ही परंपरा काही थांबली नाही. सगळीच ग्रेट असतात असं नाही, काही तर सरळ डीजेसाठी केलेली असतात. पण दर वर्षी एखादं तरी असं निघतं की वस्तीतली शाळकरी पोरं ते पाठ म्हणतात.

तिकडे भामरागड, एटापल्लीकडे लग्नांत गोंडी गाणी वाजतात, त्यातली पुष्कळशी बस्तरकडून फोनवर आलेली. रेलाची जुनी गाणी रात्रभर गोल धरून म्हणायची, ही नवी स्पीकरवर. मला गोंडी येत नाही. मित्राच्या गाडीत दोन तास ऐकली, एक गाणं त्याला तीनदा लावायला लावलं. त्याची आजी मागच्या सीटवरून म्हणाली की हे काही खरं गाणं नव्हे. आज्जी सगळीकडे सारख्याच!

आणि नव्या गाण्यात दम असेल तर काय होऊ शकतं, हे बघायला चिमूरला जा. ब्रह्मपुरीपासून फार लांब नाही. १९४२ मध्ये तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं तिथं गावागावांत पेटली होती. १६ ऑगस्टला चिमूरची जनता उठली, सरकारी कचेऱ्या जळाल्या, महाराजांना पुढे अटक झाली. ती भजनं तेव्हा ताजी होती. कुणा ना कुणा म्हाताऱ्यानं तेव्हाही म्हटलं असेल, काय हे, जुने अभंग सोडून!

फोन बंद करा

आता गाण्यावर परत येतो. नाटक संपल्यावर मी स्टेजमागं गेलो. तो पोरगा वायर गुंडाळत होता. म्हटलं, गाणं कुठं मिळेल? तो म्हणाला, कुठंच नाही. रेकॉर्ड केलं नाही? नाही. यूट्यूब? त्यानं मान हलवली. कंपनीवाल्यांना नको असतं. नाटक फोनवर दिसलं तर मंडळ तारीख कशाला घेईल? उलट त्याच्याच वयाचा एक नट म्हणाला की नाही, क्लिप फिरली तरच पुढच्या गावाला नाव कळतं. दोघांची तिथंच जुंपली. मला दोघांचंही पटलं. २०२० च्या कोरोनात सिझन बुडाला तेव्हा स्टेजशिवाय दुसरी कमाई नसणं म्हणजे काय, हे या लोकांनी बघितलंय. त्यामुळे क्लिपवाल्याची बाजू मला थोडी जड वाटते. पण मी पुण्यात पगारावर बसून हे म्हणतोय, हेही खरं.

होळीला सिझन संपेल. पुढच्या दिवाळीला नवं नाटक, नवी गाणी. हे मिरचीचं गाणं कोण लक्षात ठेवणार? त्या पोराला विचारलं तर म्हणाला, "दुसरं करू जी."

मामांच्या बावीस सिझनचंही तेच झालं. वर्षाला दहा धरली तरी दोनशेवर चाली. शब्द एका लाल कापडी बांधणीच्या वहीत आहेत, चाली मामांच्या डोक्यात. एकही कुठे रेकॉर्ड नाही. मी चौतीस वर्षं त्यांचा भाचा आहे आणि मला त्यातली एकही गुणगुणता येत नाही. 'नटरंग' मात्र पीस टू पीस पाठ.

जायचं असेल तर सांगतो. नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड करत ब्रह्मपुरीपर्यंत रस्ता आहे, तिथून वडसा जवळच. गोंदिया-बल्लारशा लाइनवर वडशाला स्टेशनही आहे. दिवाळीनंतर ते होळी, कधीही. वडशात कुठल्याही नाटक कंपनीच्या ऑफिसात विचारा, आज कुठल्या गावाला प्रयोग आहे, ते सांगतात. चौकाचौकात पोस्टर असतातच. जाड स्वेटर घ्या, शक्यतो दोन. झोप काढून जा. आणि पहिल्या अंकाला उठू नका प्लीज. चांगलं गाणं कधी येईल याची गॅरंटी नाही, येईलच याचीही नाही.

पुण्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी मामांसमोर फोन ठेवला, रेकॉर्डिंग लावलं. म्हटलं, मामाजी, वही काढा, पहिल्या पानापासून सुरू करू. त्यांनी ऑर्गनवरची चादर काढली. भाता मारून बघितला, एक पट्टी अडकत होती, ती नखानं मोकळी केली. वही उघडलीच नाही. वाकड्या बोटांनी ते तीन टोले वाजवले. टूं, टूं, टूं. मग थांबून परत वाजवले, तिसरा थोडा लांबवून.

"हा आखरीचा त्यानं लवकर सोडला," ते म्हणाले. "उद्या जाता जाता आरमोरीले गाडी थांबवजो. सांगाले पायजे त्याले."

आरमोरी पुण्याच्या वाटेवर नाही, बरोबर उलट्या दिशेला आहे. मी बरं म्हणालो.